भाड्याच्या घरात भिंतींना बुरशी येते आणि मालक म्हणतात, "तुम्ही कपडे आत वाळत घालता, डिपॉझिटमधून कापणार." काय करावे?

जुलैत कोल्हापुरात कपडे आत नाही तर कुठे वाळत घालायचे? हे कारण सांगणाऱ्या मालकांचा मला मनापासून राग आहे.

आम्ही शुक्रवार पेठेत तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्या घरात शिरलं होतं, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं, मालकांनी नाही. त्यांनी ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट मारून घर चकाचक करून दिलेलं. पहिल्याच पावसाळ्यात आईच्या पलंगामागं रंगाला फुगे आले. नखानं टोचलं की पांढरी खारट पूड आणि लगदा झालेली पुट्टी हातात यायची, वर काळे ठिपके. आईला दमा. मालक आले ते भिंतीकडं न बघता थेट स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, खिडकी उघडून स्वयंपाक करत जावा." ते मला आजही झोंबतं.

वाफेची ओल छताच्या कोपऱ्यात, खिडकीभोवती दिसते. जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते आणि गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवर थांबते. खात्री करायची तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला असले तर ओल भिंतीत आहे. आम्ही फोटो पाठवले, मालकांनी परत रंगच मारला. रंग हा उपायच नाही. गिलावा खरवडून भिंत उन्हाळाभर वाळू द्यावी लागते, आणि तो खर्च मालकाचा.

तोवर ठिपके साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावून. कोरडं झाडू नका, बुरशी घरभर उडते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर दुरुस्ती मालकाकडं. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही केली नाही, तर ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम भाड्यातून वळती करता येते. मात्र तुमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल, तर कायद्यानं तुम्ही भाडेकरू धरले जात नाही. मग करारात काय लिहिलंय त्यावर सगळं. पैसे कापण्याआधी वकिलाला दाखवा.

आणि मालक घरी आले की आधी पलंग सरकवून भिंत दाखवा. स्वयंपाकघरात नंतर जाऊ द्या.