वडिलांबद्दल माया वाटत नाही, मग आज्ञा मोडली का?

इस्राएलमधल्या अश्दोदला राहणाऱ्या एका बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या) बाईंचा हा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): "लहानपणी बाबांनी पट्ट्यानं मारलं. आता ते थकलेत, एकटे राहतात. त्यांचा जिना चढतानाच पोटात गोळा येतो. माया वाटतच नाही. मी पाचवी आज्ञा मोडतेय का?"

नाही. आईवडिलांचा मान राखा, धाक बाळगा, असं तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, सांगते. या आज्ञेत प्रेमाची अट नाही. तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथात (किद्दुशीन ३१ब) मान म्हणजे काय ते थेट कामांत सांगितलंय: खाऊपिऊ घालणं, कपडे-पांघरूण बघणं, ने-आण करणं. धाक म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणं, त्यांचा शब्द न खोडणं. आणि खर्च मुळात वडिलांच्या पैशातून. त्यांच्याकडे नसेल आणि मुलांना झेपत असेल, तरच मुलांनी.

बाईंचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं. औषधं, वाणसामान सगळं स्वतःच्या पगारातून, मग दर भेटीत धुसफूस. आता खर्च बाबांच्या पेन्शनमधून होतो. मदतनिसासाठी राष्ट्रीय विमा संस्थेकडे अर्ज केलाय. आठवड्याला दोन भेटी, पाऊण-पाऊण तासाच्या, आणि हातात ठरलेलं काम: गोळ्यांचा डबा भरणं, नखं कापणं. शिव्या सुरू झाल्या की "बाबा, मी निघते, गुरुवारी येते" एवढंच म्हणून उठायचं. पालकाचा मानसिक तोल ढळून सांभाळणं असह्य झालं, तर दूर होऊन इतरांकडून नीट सेवा करून घ्यावी, असं मध्ययुगातल्या मैमोनिदीस या थोर यहुदी धर्मशास्त्र्यानं लिहिलंय. रावाद या दुसऱ्या धर्मशास्त्र्यानं त्यावर हरकत घेतली, तरी हा आधार मोठा आहे.

नातेवाईक मात्र "प्रत्येकाला झुकतं माप द्या" (अवोत १:६, यहुदी सुवचनांचा ग्रंथ) हेच ऐकवत. मैमोनिदीसच्या भाष्यानुसार ते अनोळखी माणसाच्या अशा कृत्यासाठी, ज्याचे दोन अर्थ निघतात. पट्ट्याच्या वळांचे दोन अर्थ निघत नाहीत. मारलं ते मारलंच, असं बाईंनी म्हणावं.

ब्रेस्लोवचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) नाखमान दुष्टातही चांगुलपणाचा एक कण शोधायला सांगतात. तो घडलेला हवा, ओढूनताणून आणलेला नको; नाहीतर मन त्यावर विश्वास ठेवत नाही. बाईंना आठवलं, मलिद्याच्या (बेने इस्राएलांच्या पोह्यांच्या प्रसादाच्या) दिवशी पोहे भिजवून, नारळ खवून ताट बाबाच लावत. हल्ली बाई भेटीत पोह्यांचं प्रमाण विचारतात, बाबा रंगून सांगतात, तेवढी दहा मिनिटं बरी जातात. माफीबद्दल बाई अजून बोलायला तयार नाहीत. त्याची घाईही नाही.