मुलगा १३ वर्षांचा, आठवीत, उंची १४२ सेंटीमीटर. वर्गातल्या मुलीही त्याच्यापेक्षा उंच. उंची वाढवायची पावडर सुरू करू का?

पावडरचे पैसे वाचवा. आधी सांगा, गेल्या वर्षभरात त्याचे बूट किती वेळा लहान झाले?

मी माध्यमिक शाळेत पीटी शिकवतो. प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी केली की आठवीत दरवर्षी तेच चित्र: मागे मुली, पुढे मुलगे. मुली मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी उंच व्हायला लागतात. त्यांचा जोर बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांचा चौदाव्याच्या. दहावीपर्यंत रांग फिरलेली असते.

आणि या वयात आधी वाढतात ती पावलं. मग तंगड्या, धड सगळ्यात शेवटी. म्हणून ही पोरं काही महिने नुसती ढांगांवर चालल्यासारखी दिसतात. बापाची वहाण मुलाच्या पायात यायला लागली की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यानं पावलांकडे नीट पाहिलं असणार. वहाण येते तेव्हा उंची अजून यायचीच असते.

मी स्वतः दहावीपर्यंत रांगेत पहिला. 'पुढे हात' म्हटलं की माझे हात फक्त कमरेवर; पहिल्याला पुढे कोणीच नसतं ना! अकरावीच्या दिवाळीत आईनं पँटची दुमड उसवून खाली सोडली. संक्रांतीला पुन्हा सोडायला कापडच उरलं नव्हतं. जुन्या घडीची गडद रेघ घोट्याच्या वर दिसायची आणि मी ती मिरवत फिरायचो. नंतर आजी म्हणाली, तुझ्या बापाचंही असंच होतं, मिशीसुद्धा उशिराच फुटली. उशिरा वाढायची ही सवय पुष्कळदा घराण्यातच असते. तेव्हा तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

अंदाज हवा असेल तर आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून तीत मुलासाठी साडेसहा सेंटीमीटर मिळवा (मुलीसाठी वजा करा). त्याच्या सात-आठ सेंटीमीटर खालीवर कुठेही तो थांबू शकतो. हा अंदाज आहे, ब्रह्मवाक्य नव्हे.

एका मापावरून मात्र काहीच कळत नाही. दाराच्या चौकटीला अनवाणी उभा करा, टाचा टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरा आणि पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. दर वेळी सकाळीच मापा, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस संध्याकाळी जवळपास सेंटीमीटरभर बुटका होतो. सहा महिन्यांनी पुन्हा रेघ. जोर सुरू व्हायच्या आधी वर्षाला पाचेक सेंटीमीटर वाढ ठीक. ऐन भराच्या वर्षात मुलगा नऊ-दहाही वाढतो.

वर्षाला चारपेक्षा कमी भरलं, किंवा १४ पूर्ण होऊनही वयात यायची काहीच खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. पहिली खूण मिशी नव्हे, वृषणांचा आकार वाढणं. आवाज, मिशी मागाहून. थायरॉईड, पोटाचे जुने आजार, हे सगळं ते बघतील. ते बहुधा डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतील. हाडांच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, वाढ तिथे होते. तो किती उघडा आहे यावरून हाडांचं वय कळतं. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाडांचं वय अकरा निघालं, तर त्याच्याकडे वाढायला अजून वेळ आहे असा अर्थ. त्यांना भारतीय मुलांचे तक्ते लावायला सांगा. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १८ वयासाठी २०१५ मध्ये काढलेत आणि त्या कामात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

बारला लटकून खांदे मजबूत होतात, हाडं लांबत नाहीत. लटकू दे, मजा येते. पावडरमध्ये जे असतं ते डाळ, दूध, अंड्यात स्वस्तात मिळतं. रात्री वेळेवर झोपवा. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं. फक्त जिममधल्या कुणाच्या नादानं स्टेरॉईड घेऊ देऊ नका. तो कूर्चेचा पट्टा त्यानं वेळेआधीच मिटतो आणि मिटला की पुन्हा उघडत नाही.

बुटांचं मात्र कळवा. आणि तुमची चप्पल त्याला येते का, तेही.