विषय तीन, ताट एकच

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा वाचला. ‘आरोग्यसेवा, आदरातिथ्य आणि कला यांचा परस्परसंबंध : सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ हे शीर्षक समितीपुढे भारदस्त वाटेल, पण यात मोजायचं काय, ते कुठंच सापडत नाही. अशा विषयात तीन मार्गदर्शकांना खूश ठेवायला तीन प्रकरणं लिहिली जातात आणि उपसंहारात त्यांची कशीबशी मोट बांधली जाते. तुला ते टाळायचं असेल तर तिन्ही शाखांचं काम ज्या एका वस्तूवर येऊन पडतं, ती वस्तू धर. माझ्या मते ती म्हणजे रुग्णालयातलं जेवणाचं ताट. रुग्णाच्या पोटात किती गेलं हा आरोग्याचा प्रश्न. ते किती वाजता, किती गरम आणि कसं वाढलं हा आदरातिथ्याचा. आणि वाचता न येणाऱ्या रुग्णाला आपलं पथ्य समजावं म्हणून काढलेलं चित्र, हे कलेचं काम.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो : पथ्याचं चित्रकार्ड हाती दिल्यावर ताटात उरणारं अन्न कमी होतं का?

प्रश्न फार लहान झाला असं वाटून घेऊ नकोस. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेला अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता. सगळे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंतवाले ८.७०. आजही तो अभ्यास वाचला जातो तो जोड्या नीट जुळवल्यामुळे. वय, स्त्री की पुरुष, वजन, धूम्रपान अशा बाबींत सारखे असलेले रुग्ण त्यांनी समोरासमोर ठेवले होते.

आता वजनाकडे ये. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घे आणि रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपास. वाढण्यापूर्वी चपाती, भात, वरण, भाजी यांचे एकेकाला वाढतात तेवढे प्रत्येकी दहा भाग वेगवेगळे तोलून सरासरी काढ. तीच त्या वेळची ‘वाढलेली’ मात्रा. कालची सरासरी आज चालत नाही, वाढप्याचा हात बदलला की भाताचा डाव बदलतो. जेवण झाल्यावर उरलेलं पदार्थवार तोल. वरण-भात कालवलेला असेल तर तो वेगळा करत बसू नकोस, त्या ताटाचं एकूण वजनच लिही आणि शेजारी तशी खूण कर. केळ्याची साल, पिळलेल्या लिंबाची फोड, शेवग्याचा चोथा उरलेल्यात धरायचा नाही. पहिल्याच वाढपाला आणि शेवटच्या खाटेपाशी पोचल्यावर वरणाचं तापमानही घे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. शेवटच्या खाटेला ते कोमट पोचत असेल तर दोष कार्डाचा नाही, ढकलगाडीचा आहे, आणि तुझ्या निष्कर्षात तो मिसळू देऊ नकोस.

मात्र खरी फसगत काट्यावर होत नाही, ती खाटेशेजारी होते. आपल्याकडे रुग्णाचं ताट रुग्ण एकटा जेवत नाही. सोबत आलेली सून किंवा आई उरलेलं खाते, कधी रुग्णच आग्रह करून अर्धी चपाती तिच्या हातात ठेवतो. दुपारची भाजी डब्यात काढून संध्याकाळसाठी ठेवली जाते. उलट, घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आलेली असेल तर रुग्णालयाचं ताट तसंच परत जातं, आणि तुझा काटा म्हणतो, रुग्ण उपाशी. म्हणून नोंदपत्रकात तीन रकाने हवेतच : ताटातलं आणखी कोणी खाल्लं का, डब्यात काढलं का, बाहेरून काय आलं. हे विचारताना आवाजात दरडावणी आली तर खरं उत्तर मिळणार नाही. पांढरा एप्रन घालून तर मुळीच विचारू नकोस. एप्रन दिसला की सगळ्यांचं जेवण ‘एकदम छान’ असतं.

चौथा रकाना उपवासाचा. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून एकादशी विसरशील तर हसं होईल. सोमवार, गुरुवार, श्रावण, रोजे हे सगळं लिही. तोंडावाटे काही द्यायचं नाही असा आदेश असलेले रुग्ण सुरुवातीलाच वगळ.

एका वॉर्डात कार्ड आणि दुसऱ्यात नाही, अशी तुलना तू सुचवली आहेस. ती लंगडी आहे. दोन वॉर्डांच्या परिचारिका वेगळ्या, आजार वेगळे, वाढपी वेगळे. फरक दिसला तरी तो कशाचा, हे सांगता येणार नाही. त्यापेक्षा त्याच वॉर्डांत एक आठवडा कार्ड, एक आठवडा नाही, असं आठ आठवडे चालव. एका वॉर्डाची सुरुवात कार्डाने कर, दुसऱ्याची कार्डाविना. प्रत्येक आठवड्यात त्याच आठवड्यात दाखल झालेलेच रुग्ण घे आणि रविवारी कार्डं मोजून परत घे, नाहीतर कार्डाविना आठवड्यात ती उशाखालून निघतात. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा जानेवारी आणि पारा चाळिशीपार जाणारे एप्रिल-मे टाळ, उन्हाळ्यात भूक तशीच मरते.

किती रुग्ण? आधी वीस ताटांची चाचणी घेऊन उरलेल्या वजनाचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरतात ते, काढ. समजा ते ८० ग्रॅम निघालं आणि तुला ४० ग्रॅमचा फरक पकडायचा आहे, तर ढोबळ नियमाने १६ गुणिले (८०/४०)चा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात ६४. एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात म्हणून हा आकडा दुप्पट धर आणि मधेच घरी जाणाऱ्यांसाठी वर दहा टक्के. संख्याशास्त्राच्या शिक्षकांना हे आकडे माहिती गोळा करण्याआधी दाखव, नंतर ते फक्त हळहळू शकतात.

कार्डाचं चित्र कलाशाखेच्या मैत्रिणीकडून करून घे, पण तिला आधी दोन वेळा वॉर्डात जेवणाच्या वेळी बसव. इंटरनेटवरून उचललेल्या ताटात ब्रोकोली असते. चित्रात तिथलंच स्टीलचं खणांचं ताट, तिथलीच वाटी हवी. लॅमिनेट केलेलं, पुसता येईल असं कार्ड कर. हातमागावरचं वॉल हँगिंग लावायची तुझी कल्पना सोलापूरला शोभणारी आहे, पण कापड धूळ धरतं, संसर्ग नियंत्रणवाले ते काढायला लावतील, आणि ते बरोबरच आहे.

मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लागेल. प्रश्नावली एकाने भाषांतरित करावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत मराठीत आणावी, मग दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून तपासावेत. संमतीपत्र वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत वाचून दाखव, अंगठा घे आणि रुग्णालयाशी किंवा तुझ्याशी संबंध नसलेला साक्षीदार ठेव. ताटाचा फोटो काढायचा असेल तर त्याची संमती वेगळी, आणि फोटोत चेहरा नको.

हे सगळं सुरू होण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी हातात हवी. ती मागाहून मिळत नाही. विद्यापीठाची परवानगी वेगळी आणि रुग्णालयाची वेगळी, एकीने दुसरीचं काम भागत नाही. तू कार्ड देऊन परिणाम पाहणार आहेस, म्हणून सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणीही करून टाक. ती मोफत आहे, पण पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. चित्रकर्तीचं नाव शोधनिबंधात लेखक म्हणून येणार की आभारात, हे आत्ताच कागदावर लिहून दोघींनी सही करा.

पुढच्या वेळी आराखड्याऐवजी वीस ताटांचं नोंदपत्रक पाठव, सगळ्या रकान्यांसकट. खाडाखोड असली तरी चालेल, नवीन कागदावर उतरवून काढू नकोस.

तुझा हितचिंतक