रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या संगणकावर कोडी (टीव्हीवर आपले सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर) अडकत अडकत चालतं. ८ जीबी रॅमचा नवा पाय घ्यावा की ऑफिसातून निघालेला जुना पीसी?

रॅमचा विषय आधी डोक्यातून काढा. ‘रॅम वाढव, पळेल’ हे ठेवणीतलं उत्तर प्रत्येक ग्रुपवर कोणीतरी देतोच, आणि देणाऱ्याने ते कधी तपासलेलं नसतं. लिब्रेइलेकसारखी नुसती कोडीपुरती बांधलेली सिस्टिम टाकली असेल तर पाय ३ ची १ जीबी रॅम पुरते. घोडं अडतं ते डिकोडिंगला, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडायला.

तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अडकणारी फाइल लावा, यूएसबी कीबोर्ड जोडा आणि ‘ओ’ दाबा. पडद्यावर येणाऱ्या माहितीत व्हिडिओ डिकोडरच्या ओळीच्या शेवटी कंसात एचडब्ल्यू (हार्डवेअर) आहे की एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर), ते बघा. एसडब्ल्यू असेल आणि प्रोसेसरचे आकडे शंभरीला टेकलेले असतील, तर त्या फाइलचं काम हार्डवेअर करतच नाहीये. पाय ३ मध्ये एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) चा हार्डवेअर डिकोडर १०८०पी पर्यंत आहे, एचईव्हीसी या नव्या पद्धतीचा (फाइलच्या नावात एक्स२६५ असतं तो) नाही. ७२०पी ची हलकी फाइल प्रोसेसर कशीबशी ओढतो. १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारी) १०८०पी असेल तर मारामारीचा सीन आला की फ्रेम गळायला लागतात. इथे ओव्हरक्लॉक करून (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून) किंवा कॅशे वाढवून हाती काही लागत नाही. हलकी स्किन लावली तर मेनू चटपटीत होतो, सिनेमा नाही.

आणखी एक फसवी जात म्हणजे १०-बिट एच.२६४. ॲनिमेच्या जुन्या फाइल्स बऱ्याचदा या असतात. बहुतेक मशीनमध्ये याला हार्डवेअर डिकोडर नाहीच, त्यामुळे महागडा पीसीसुद्धा या फाइल्स प्रोसेसरवरच चालवतो.

अशा मोजक्याच फाइल्स असतील तर नवं काही घेऊ नका. लॅपटॉपवर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ करून घ्या: एन्कोडर एक्स२६४ (त्याच्या शेजारचा १०-बिटवाला नको), आरएफ (दर्जाचा आकडा) २० ते २२, कंटेनर एमकेव्ही, ऑडिओ पासथ्रू (आहे तसाच). सबटायटलचे ट्रॅक त्या टॅबमध्ये जाऊन स्वतः निवडा, नाहीतर गळतात. फाइल फुगेल, त्याला इलाज नाही.

आता एचडब्ल्यू दिसतंय आणि तरी अडकतंय, असं असेल तर पहिला संशय चार्जरवर घ्या. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर लागतात. मोबाईलचा चार्जर आणि लांब बारीक केबल लावली की वाटेतच व्होल्टेज पडतं. ४.६३ च्या खाली गेलं की १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर स्वतःहून ६०० मेगाहर्ट्झवर उतरतो. त्यात त्याच पायवर पोर्टेबल हार्ड डिस्क लोंबत असेल तर विचारूच नका. तिला स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब द्या.

कॅमेरा आडवा फिरताना तेवढ्यापुरतं चित्र झटके खात असेल, एरवी सगळं ठीक, तर दोष रिफ्रेश रेटचा. २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर दाखवताना एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओज, तिथे ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट / स्टॉप’ करा. दर काही मिनिटांनी बफरिंगचं चक्र फिरत असेल तर मात्र वायफाय सोडून केबल ओढा. पाय ३ चं १०० एमबीपीएसचं पोर्ट पुरतं, कारण साध्या ब्लू-रेचा व्हिडिओ जास्तीत जास्त ४० वर जातो.

खरेदीचं म्हणाल तर पाय ४, तोही २ जीबीचा. एचईव्हीसी ४के पर्यंत हार्डवेअरवर चालतं. टीव्हीची केबल पॉवर पोर्टच्या बाजूच्या मायक्रो एचडीएमआयमध्ये घाला. पाय ५ मध्ये तर एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढूनच टाकलाय. त्याचा प्रोसेसर ते सहज पेलतो ही गोष्ट वेगळी, पण ८ जीबीचे पैसे कशाला?

जुना पीसी घेणार असाल तर दुकानदाराच्या नुसत्या ‘आय फाइव्ह आहे साहेब’वर जाऊ नका, पूर्ण नंबर विचारा. इंटेलची सातवी पिढी असेल तर १०-बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर चालतं, सहाव्या पिढीत ८-बिटपर्यंतच. म्हणून या कामाला आय३-७१०० (सातवी पिढी) हा आय५-४५७० (चौथी पिढी) पेक्षा बरा. अर्थात १०८०पी च्या पुढे जायचंच नसेल तर तो आय फाइव्हही प्रोसेसरच्या जोरावर निभावून नेतो, फक्त पंखा ऐकू येईल.

हे सगळं स्वतःच्या फाइल्ससाठी. कोडीतून ओटीटी ॲप्सचं एचडी दोन्हींवर धड मिळत नाही, त्यासाठी टीव्ही स्टिकच घ्या. आणि पायवर टीव्हीचाच रिमोट एचडीएमआयमधून चालतो, तसा बहुतेक जुन्या पीसींवर चालत नाही. घरात आईबाबा बघणार असतील तर एवढ्या एका कारणासाठीही पाय घ्या.