फोन काढून घेऊ, की पैसे भरून ॲप घेऊ?

सोलापूरच्या अशोक चौक भागातून एका वडिलांचं पत्र आलंय. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे कारागीर आहेत, मुलगी नववीत. "अभ्यासासाठी फोन घेऊन दिला, पण पोरगी घुमी झालीये. रात्री बारापर्यंत गणिताचे व्हिडिओ लावून बसते, विचारलं की चिडते. फोन काढून घेऊ, की जाहिरातीतलं वर्षाचं ॲप घेऊ? पोरगी आनंदात राहिली पाहिजे आणि शिकलीही पाहिजे. दहावीनंतर काय, तेही सांगा."

दादा, नमस्कार.

आनंदाचं तुम्ही आधी लिहिलंत आणि शिकण्याचं नंतर, हे वाचून फार बरं वाटलं. फोन काढूनही घेऊ नका आणि ॲपही घेऊ नका. वर्षाचे पैसे तर अजिबात भरू नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की अभ्यासाचं साहित्य फुकट मिळतं.

आता चिडचिडीचं. रात्री बाराला एकटीने बसून दुसऱ्याने सोडवलेली गणितं बघायची, यात तिच्या हातून काहीच घडत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय की माणसाला मनापासून बरं वाटायला तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवायची मुभा, 'मला जमतंय' ही जाणीव आणि जवळची माणसं. तिच्या फोनच्या वापरात मला यातलं एकही दिसत नाही. ते आणता येतं, आणि तुमच्या घरात तर फार सहज.

'फायफॉक्स' नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं. फोनमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर असतोच; हे ॲप त्याचा आलेख काढून दाखवतं. मालकांना विचारून तिला एक दिवस कारखान्यात न्या. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, आणि पट्ट्यापासून लांब उभी. फोन तुम्हीच मागाच्या चौकटीवर, हलत्या भागांपासून दूर, नीट बांधून ठेवा. दहा सेकंदांचा आलेख घ्या. त्यात तोच तोच झटका किती वेळा आला ते तिने मोजायचं आणि सहाने गुणायचं. वीस वेळा आला, तर मिनिटाला 120 पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या 120 फेऱ्या. तुमच्या अंदाजाशी ताडून पाहा. मोठ्या झटक्यांच्या मध्ये छोटे झटकेही दिसतील. त्यातला आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा कुठला, तो ठोकून बसवणाऱ्या फणीचा कुठला, हे तिला कळणार नाही, तुम्हाला कळेल. 'गतीचे नियम' या धड्यातलं त्वरण तिला त्या आलेखात दिसेल, आणि ते समजावणारे तुम्ही असाल. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

पुढचं काय मोजायचं ते तिला ठरवू द्या. मैत्रिणीला सोबत घेऊ द्या. झोपाळा, रिक्षा, घरातली वॉशिंग मशीन, काहीही चालेल. तुम्ही फक्त आलेख बघायला बसा, मार्क विचारू नका.

रात्री दहानंतर मात्र फोन बाहेरच्या खोलीत, आणि तुमचाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती मोडली की चिडचिड होणारच.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. जेवण सुटलं, शाळा नकोशी झाली, 'जगून काय करू' असं काही ती बोलली, तर आलेखबिलेख राहू द्या. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. फोन करा, आणि डॉक्टरांकडेही न्या.

दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की सायन्स, याची आज घाई नाही. तिला काय करताना वेळेचं भान राहत नाही ते बघा: आकडे मांडताना, मशीन उघडून पाहताना, की मैत्रिणीला समजावताना. दिवाळीनंतर मला पुन्हा पत्र पाठवा. ते तिने लिहिलेलं असू द्या.