समुपदेशकांनी मला सगळे सांगायला नको का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. सहामाहीनंतर ती गप्प झाली आणि पानात वाढलेले अर्धे टाकू लागली, म्हणून समुपदेशन सुरू केले. चार भेटी झाल्या, तरी ती आत काय बोलते हे समुपदेशक सांगत नाहीत. आईला हे कळायला नको का?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, तुमची घालमेल समजते, पण आपले बोलणे त्या खोलीबाहेर जाणार नाही, ही खात्री असते तोवरच मुले मोकळी होतात, आणि ती एकदा मोडली की पुढच्या भेटीत ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. या गुप्ततेला मर्यादाही आहेत. जिवाला धोका दिसल्यास पालकांना सांगितले जाते. लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते.

मात्र ‘घरी आम्ही कसे वागावे?’ हे तुम्ही समुपदेशकांना अवश्य विचारा. परतताना लोकलमध्ये ‘काय विचारले? तू काय सांगितलेस?’ अशी उलटतपासणी मात्र करू नका. ती खिडकीबाहेर पाहत बसली, तर बसू द्या.

जेवण आणि झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर मात्र दोन आठवडे सोडा, एक दिवसही थांबू नका; तिला एकटी सोडू नका, थेट रुग्णालय गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते, आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता.