शब्दांचं मूळ शोधायचंय? 'नाइस'पासून सुरुवात करा

सुरुवातीला दहा शब्दांच्या मागे लागू नका, एकच घ्या. मी 'नाइस' सुचवेन. तो रोज तोंडात असतो, पण मूळ पाहिलंत तर चाट पडाल: लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे अजाण! जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस माणूस' म्हणजे चक्क मूर्ख. पुढे नखरेल, चोखंदळ, काटेकोर असा सरकत सरकत 'छान' हा अर्थ १८व्या शतकात रुळला.

नवी मंडळी हमखास घसरतात ती इथे:

- सर्वांत जुना अर्थच 'खरा' मानतात. तसं नसतं.
- रूप जुळलं की नातं जोडतात. रोकड या अर्थाचा 'कॅश' फ्रेंच-इटालियन पैशांच्या पेटीवरून आला; जुन्या व्यापारातलं 'कॅश' नाणं तमिळ 'कासु'वरून. दोघांचा काडीचा संबंध नाही.
- आद्याक्षरांच्या गोष्टींना भुलतात. 'पॉश' म्हणजे बोटीच्या तिकिटावरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची (जाताना डावी बाजू, येताना उजवी) आद्याक्षरं, ही कथा झकास आहे, पुरावा मात्र शून्य.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ कालक्रमाने, दाखल्यांसकट दिलेत. आधी ते दाखले वाचा. ध्वनिबदलांचे नियम सध्या राहू द्या.

'नाइस' झाला की 'मंगूस' घ्या. तो आपल्याच मुंगसावरून गेलाय.